मी उठले की पेटीचा सूर उतरायचा

त्या दिवशी वसरीत आमी पाच जणं व्हतो. मी गयाबाई. माझी नात आम्रपाली, जी हे मोबाईलवर लिहायलीय. शेजारची शिवम्मा अक्का. बंगळुरूहून आलेला किरण, आणि हैदराबादची फरहाना. सहावं कुणी न्हाई. कुणाला खोटं वाटलं तर ठाणाकुशनूरला येऊन शिवम्मा अक्काला इचारा, ती माझ्यापेक्षा चार गोष्टी जास्तच सांगल.

आदी एक सांगते. आमी बौद्ध माणसं. अंगात येणं, भानामती, उतारा... आमच्या घरात ह्यातलं काईच चालत न्हाई. गावात कुणाच्या दोरीवरचे कपडे आपोआप पेटले मनले की मी इचारायची, कांडीपेटी कुणाच्या हातात व्हती ते बघितलं का? ह्या ग्रुपवर तुमी लोकं असलं लिहिता, नात वाचून दाखवते, मी हसते. आता माझ्यावरच पाळी आली. पर हे भुताचं न्हाई. कशाचं हाय तेच कळंना.

आमचे मालक निवृत्ती मास्तर. गाण्याची पार्टी व्हती त्यांची. जयंतीला, विहाराच्या कार्यक्रमाला, औराद, भालकी, उदगीर, पार दुबलगुंडीपर्यंत बोलावणं यायचं. आमच्या लग्नाला दीड वर्ष झालं असल, तवा ते हैदराबादला एका ऑर्केस्ट्रात सामान उचलायला व्हते. तो ऑर्केस्ट्रा मोडला. ऑर्केस्ट्रावाला परदेशी निघाला, जाताना त्यानं एक जपानी पेटी ह्यांना देऊन टाकली. आमी पेटीच मनायचो. नात मनते आज्जी, त्याला सिंथेसायझर मनतात. काळी, लांबडी, दोन्ही बाजूला लाकडाच्या फळ्या, आणि वरी बटनं न् फिरवायच्या गुंड्याच गुंड्या.

मी पहिल्या दिवशीच वळखलं. ही सवत हाय.

खोटं न्हाई सांगत. ह्या माणसानं माझ्या तळहाताचे फोड कदी बघितले न्हाईत, मी रोडच्या कामावर खडी फोडायची तवा. पर पेटीच्या गुंड्या धोतराच्या सोग्यानं एकेक पुसायचे. उन्हाळ्यात तिच्यावर ओलं पोतं धरायचे, तिला न लागता. हिवाळ्यात माझी वाकळ तिच्या अंगावर. मी मनले, मला थंडी वाजत न्हाई का? तर मनले, "तू माणूस हायस गया, तुला सहन होतंय."

कार्यक्रमाला जाताना ती माझ्या डोस्क्यावर. पोटुशी असताना बी मी तिला चढावरून नेलेली हाय.

पर एक गोष्ट व्हती. कार्यक्रम कुठं बी असू द्या, ते मला संगं न्यायचेच. मला गाता येत न्हाई, टाळी बी नीट येत न्हाई. तरी स्टेजवर पेटीच्या शेजारी बसवायचे. "तू हितंच बस. उठू नको." बाकीच्या बायांचे नवरे बायकोला दुसऱ्या गावाचं तोंड दाखवीत नव्हते. शिवम्मा अक्का तर तोंडावर मनायची, "अय्यो, मास्तरला बायकोबिगर करमतच न्हाई की गं!" मी वरवर चिडायची. आतून लई बरं वाटायचं. सवत असली तरी मालक मला सोडून राहत न्हाई, एवढंच माझ्याजवळ व्हतं.

मालक जाऊन आठ वरसं झाली. पेटी कुणाला द्यावं वाटंना, आणि डोळ्यापुढं बी नको. मंग म्या काय केलं, ज्वारीच्या कोठीत टाकली. खाली ज्वारी, मधी ती, वरी ज्वारी, कडूलिंबाचा पाला घातला, झाकण लावलं. दरसाल ज्वारी बदलायची, पाला बदलायची, तिचं तोंड बघायची न्हाई.

मागल्या उन्हाळ्यात आम्रपालीनं मालकाच्या जुन्या कॅसेटमधला एक तुकडा मोबाईलवरून नेटवर टाकला. तिथून किरण न् फरहाना जागे झाले. ती दोघं गाणी करतात, माणसाबिगरची, नुसत्या मशीनीची. फरहानानं फोन करून इचारलं, हा आवाज कशाचा? मॉडेल सांगितल्यावर तिनं लगेच घराचा पत्ता मागितला. चौथ्या दिवशी गाडी घेऊन दारात.

कोठीचं झाकण काढलं तसा किरणचा चेहरा पडला.

"अम्मा, ह्यात?"

"व्हय. मंग काय देव्हाऱ्यात ठेवू?"

त्यानं कोपरापर्यंत हात घालून तिला वर काढलं. वसरीतल्या बाजंवर ठेवून पेचकसानं उघडलं. आतून ज्वारीचे दाणे निघाले, एक वाळलेला पाला निघाला. पर गंज न्हाई, वलं न्हाई. ज्वारीनं सगळी वल वडून घेतली व्हती. किरण मनला, "अम्मा, तुम्ही हिला वाचवलंत."

मला तर वाटलं व्हतं मी तिला पुरलंय.

मंग ती दोघं तिच्याकडं बघत बसली. काय सांगू तुमाला, बाजारात खिल्लारी बैलावर हात फिरवावा तसा फरहाना त्या फळीवरून हात फिरवायली. मला राहवंना. मनले, पोरी, बाजारात नव्या पेट्या मिळंनात का?

"मिलते अम्मा, ढेर मिलते. ये नक्को बोलके बंद कर दिये थे कंपनीवाले. नयी सस्ती आयी तो लोगां इसको भंगार में डाल दिये. फिर बाहर के पोट्टे भंगार से उठा के गाने बनाये. अब सब को येइच होना."

किरण मनला, काम्प्युटरमधी हिची नक्कल हाय, पर ती दर वेळी सारखीच वाजते. ही सारखी वाजत न्हाई. तापली की सूर सरकतो, कदी खरखर येते. जगात हिच्यासारख्या थोड्याच उरल्यात आणि एक बी दुसरीसारखी न्हाई.

"मंजे बिघडलेली हाय," म्या मनलं.

"हौ अम्मा," फरहाना हसली, "वो बिगाड़ाच तो होना सबको!"

मी सुपातली तूर निवडायली व्हते. हात थांबला माझा. ती न् मी ह्या घरात एकामागं एक आलो. माझा बी आवाज आता सरकतो. गुडघा वाजतो. माझं झालं तर मनतात म्हातारी कामातून गेली. तिचं झालं तर बंगळुरूहून गाडी येते. जळले मी. ह्या वयात जळले, खरं सांगते.

पेटी चालू केली. तांबडी लाईट लागली. अर्धा तास तापू दिली. किरणनं मोबाईल समोर ठेवला, त्यात एक काटा व्हता, सूर बरोबर असला की काटा मधी उभा राहून हिरवा होतो. काटा हिरवा. किरण मनला कमाल हाय, आठ वरसं बंद असून एकदम सुरात.

तेवढ्यात नळाला पाणी आलं. मी घागर घेऊन उठले. भरून आले तर दोघं कपाळाला हात लावून, सूर उतरला मनून. मी बाजंजवळ घागर टेकवली, काटा हिरवा. दुसरी घागर आणायला गेले, उतरला. आले, चढला. तिसऱ्या खेपेला फरहानानं माझा हातच धरला.

"अम्मा, ज़रा बैठो... अब उठो... जाओ उधर... अब आओ."

किरण हसला. मनला तुमच्या चालण्यानं शहाबादी फरशी हलत असल. बाज उचलून अंगणात मातीवर घेतली. तसंच. मंग मनला, अंगाच्या गरमीनं होतंय. माझ्या जागी शिवम्मा अक्काला बसवलं, ती माझ्या दुप्पट हाय. काटा खाली. माझं लुगडं पांघरून बसवलं. खाली. ओल्यानं असल मनून भरलेली घागर ठेवली. खालीच.

शेवटी फरहाना माझ्याकडं पाठ करून बसली आणि नुसतं काटा बघून बोलायली... गया, आया, गया, आया. मी लिंबाच्या झाडामागं सरकायची न् परत यायची, तिला न सांगता. एकदा बी चुकली न्हाई ती. आम्रपालीनं खडूनं रेघ मारली. दहा पावलं. दहाच्या आत मी असले की पेटी सुरात, भाईर गेले की उतरली.

शिवम्मा अक्का पदर तोंडाला लावून हसायली. "गया, सवतीनं तुला वळखलं की गं! तुझ्याबिगर तिला बी करमंना."

सगळे हसले. मी बी हसले. आणि हसता हसता मला मालकाचं बोलणं आठवलं.

"तू हितंच बस. उठू नको."

पेटी दोन-तीन बार हैदराबादला दुरुस्तीला गेली व्हती. तवा मालक साध्या हार्मोनियमवर कार्यक्रम करायला एकटे जायचे. मला मनायचे, तू राहा घरी, आराम कर. मला वाटायचं किती जीव हाय माझ्यावर.

आणि दुबलगुंडी. हे म्या कुणापुढं काढत न्हाई, पर आता काढलंय तर सांगते. माझी धाकटी पोरगी दोन वरसांची व्हती. अंग तव्यावानी तापलेलं. म्या मनलं, मी येत न्हाई, तुमी जावा. मालक दारात उभे, पेटी खाली ठेवलेली. मनले, "तुझ्याबिगर हुत न्हाई गया. आई हाय की पोरीजवळ. सकाळी माघारी येऊ." तुझ्याबिगर हुत न्हाई, हे ऐकलं न् मी गेले. तिथं पेटीशेजारी बसले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सकाळी घरी आलो तर सासूनं पोरीला तोंडावरून दुपट्यात गुंडाळून ठेवलेलं.

म्या त्यांना बोल लावला न्हाई. माणूस माझ्याबिगर राहू शकत न्हाई, त्याला काय बोलायचं? त्या एका गोष्टीवर म्या सगळं गिळलं. आता ह्या पोरांचा तो हिरवा काटा बघितला आणि माझ्याजवळ ती एक गोष्ट बी राहिली न्हाई. पेटी माझ्याबिगर सुरात राहत न्हाई, हे मालकाला ठावं व्हतं का? माझ्याबिगर कुणाचं हुत नव्हतं? त्यांचं का पेटीचं?

किरण मनला, अम्मा, पेटीसंगं तुमी बी चला बंगळुरूला, रेकॉर्डिंग हुईस्तोर. नुसतं बसायचं. म्या मनलं, "लेकरा, तेवढं बसून झालंय माझं. घेऊन जा तिला." कशाला देऊन टाकली मनून सून अजून रागावती.

नंतर फरहानाचा फोन आला. तिथं बी पेटी सुरात राहत न्हाई. दोघा कारागिरांनी उघडून बघितली, काई खराबी सापडली न्हाई. म्या इचारलं, मंग परत आणून देतीस का? तर मनली नक्को अम्मा, वो उतरा सुरच लोगां को भौत पसंद आया. बघा. ती रुसली तरी लोकं वाहवा करतात.

कशानं झालं ते मला कुणी सांगू शकलं न्हाई. नातीच्या कॉलेजातल्या सरांनी अंगातल्या करंटाचं काईतरी सांगितलं, पर मंग शिवम्मा अक्काच्या अंगात करंट न्हाई का? मला त्याचं उत्तर नको बी.

माझं मागणं एवढंच हाय. निवृत्ती मास्तरच्या पार्टीत ढोलकी वाजवलेलं, कोरसला उभं राहिलेलं कुणी हे वाचत असल, न्हाईतर त्याचं लेकरू वाचत असल, तर बापाला इचारून लिहा. पेटी दुरुस्तीला असताना, मी संगं नसताना, त्या दिवशी मास्तरांनी माझं नाव काढलं का? जेवताना, गाडीत बसताना, कवा बी... गया पाहिजे व्हती, असं मनले का?

न्हाई काढलं असल तर तेबी तसंच लिहा.