एकतीस नंबरचा गोल

हंगेरीचा एक क्लब आणि जर्मनीचा एक क्लब यांची जानेवारीत फुटबॉलची फ्रेंडली मॅच झाली, आणि तिची नोंद डोंबिवली पूर्वेला आमच्या ओट्याशेजारी बसून मी केली. हसू नका. औद्योगिक वसाहतीच्या फेज टूमधली आमची केमिकल कंपनी बंद पडली, आणि चोपन्नाव्या वर्षी मला जे काम मिळालं ते हे. ऑफिस ठाण्याला. आपण घरी लॅपटॉपवर मॅच बघायची आणि पास, फाउल, गोल कोणी केला ते क्लिक करत जायचं. ती नोंद मग नेटवर कोणालाही बघता येते. महिनाभर ट्रायल होती. ही शेवटची मॅच, हिच्यावर ठेवायचं की नाही ते ठरणार होतं. मुलीचं कॉलेजचं एक वर्ष बाकी होतं, त्यामुळे मला ठेवणं गरजेचं होतं.

हे काम मला मिळालं ते मैदानामुळे. तीस वर्षं मी क्रिकेटचा स्कोअरर. अंपायरने खूण केली की स्कोअररने हात वर करायचा, म्हणजे बघितलं, लिहिलं. हात वर केल्यावर खाडाखोड नाही. एकदा एका नगरसेवकाच्या टीमने एक रन वाढवून मागितला. चहा झाला, खांद्यावर हात टाकून झाला, मग दमदाटी झाली. मी वही मांडीखाली घेऊन बसून राहिलो. त्यानंतर डोंबिवलीत माझ्या वहीवर कोणी बोट ठेवलं नाही, आणि याचा मला माज होता. खोटं कशाला बोलू?

मॅच आपल्याकडच्या साडेसहाला सुरू झाली. बायको शेजारी मेथी निवडत बसलेली. खेळाडूंच्या यादीत जर्मन टीमच्या एकतीस नंबरपुढे नावच नव्हतं, नुसतं ‘ट्रायल’ लिहिलेलं. ऑफिसातल्या सुपरवायझर मुलीला फोन केला. ती म्हणाली, “काका, क्लब असे प्लेयर एक-दोन मॅच खेळवून बघतात. आवडला तर घेतात. तोपर्यंत नाव देत नाहीत.”

“म्हणजे माझ्यासारखाच,” मी बायकोला म्हटलं.

“तुम्हाला निदान नाव तरी आहे,” ती म्हणाली.

तेव्हापासून माझं लक्ष त्याच्याकडेच जायला लागलं. काटकुळा पोरगा, बॉल कोणी देत नव्हतं तरी धावत होता. शेवटची दहा मिनिटं राहिली आणि जर्मनांना कॉर्नर मिळाला. गोलसमोर ही गर्दी. बॉल आत गेला, आणि नऊ नंबरवाला, त्यांचा नावाजलेला गडी, हात पसरून पळत सुटला. सगळे त्याच्या अंगावर पडले. पण मी बघितलं होतं, डोकं एकतीसचं लागलं होतं. मी एकतीसवर क्लिक केलं, आणि सवयीने हात वर गेला.

“अहो, कोणाला हात दाखवताय?” बायको हसली.

दोन मिनिटांत फोन आला. “काका, क्लबच्या पेजवर नऊ नंबर आहे. बदला.”

“अगं, मी चार वेळा मागे घेऊन बघितलं. नऊ नंबरचा केसही लागलेला नाही बॉलला.”

“असेल. पण क्लबशी जुळलं नाही तर मार्क कापतात. आज तुमची फायनल आहे, काका. मला तुम्हाला घ्यायचंय.”

पोरगी वाईट नव्हती. ती दमदाटी करत असती तर मी ऐकलं नसतं, पण ती माझ्या भल्याचं सांगत होती.

बायकोने मेथीची जुडी खाली ठेवली. म्हणाली, “कशाला खाजवून खरूज काढताय? तिकडे कोण हंगेरीत बघायला बसलंय?”

“तो एकतीसवाला बसलाय ना,” मी म्हटलं. “घरी जाऊन हेच उघडून बघेल तो.”

भिंतीवर मुलीच्या फीची पावती टाचणीने लावलेली होती, तिकडे मी बघितलं आणि एकतीस काढून नऊ टाकलं. एक क्लिक. ना खोडरबर लागलं, ना कागद फाटला. हात मांडीवरच राहिला. मला स्वतःची लाज वाटली, आणि तरी मी उरलेली मॅच नीट लिहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेल आला. मला ठेवलं. बायकोने शिरा केला, मी खाल्ला.

त्या पोराला क्लबने ठेवलं का, ते बघायला मी दोन-तीनदा बसलो. पण शोधायचं काय टाकून? त्याचं नाव मला माहीत नव्हतं, आणि जिथे तो सापडला असता तिथून मीच त्याला काढलेलं.