आमच्या घरची लाईट

विजेला घराघरागणिक वेगळी चव असते, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या सातारा-सांगलीत एकच असावा, आणि तो दरसाल आमच्या लोणंदच्या घराच्या ओट्यावर येऊन बसतो. आम्ही त्यांना मेंढरंवाले दादा म्हणतो. पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातलं गाव. दिवाळी झाली की कळप घेऊन मावळतीकडे निघायचं आणि पावसाळ्याआधी परतायचं, असं त्यांचं आयुष्य. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडं, मागं घोडी, आणि घोडीच्या पाठीवर कोंबड्यांच्या डालग्याशेजारी मिलिटरीतल्या जावयानं दिलेलं पॉवर स्टेशन. आकारानं जेवणाच्या डब्याहून थोडं मोठं, वर धरायला मूठ, पुढं आकडे दाखवणारी काच. कुणाच्या तरी घरी प्लगवर भरून घ्यायचं आणि रानात वापरायचं. दादा त्याला 'पेटी' म्हणतात. पहिल्यांदा ते दारात उभे राहून "पेटी आनलीया, जरा बसू का?" म्हणाले, तेव्हा माझ्या सासूबाईंनी लगबगीनं सतरंजी अंथरली आणि एखादा अभंग होईल म्हणून टाळ शोधायला आत गेल्या.

अभंग काही झाला नाही. दादांनी पेटीची वायर आमच्या प्लगात खोचली आणि आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे तिच्याजवळ बसून राहिले. एक चहा झाला, दुसरा झाला. टाळ हातात घेऊन खोळंबलेल्या सासूबाईंनी शेवटी विचारलं, "ती भरेल तिची तिची. तू कशाला राखत बसलायस?"

"आवं आक्का, लाईट भरताना मानसानं जवळ बसावं. कुनाच्या घरची हाय, त्या घरात काय बोलत्यात, समदं तिला कळाया पायजे."

मग चवीचा विषय निघाला. कुंडलला उसाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायला गेले, की तिथं भरलेली लाईट गोड असते म्हणे. बल्ब पिवळसर लागतो आणि कोकरं लवकर झोपतात. महाबळेश्वरच्या एका हॉटेलात भरलेली लाईट गार निघाली, तिच्या उजेडात दोन घोंगडी पांघरावी लागली. "आणि आमची?" मी विचारलं. दादांनी बाजाराच्या दिशेला मान केली. "लोनंदची लाईट कांद्याची. डोळ्याला लागती, पर लय टिकती." उन्हावर भरणारा सोलरचा पत्रा घ्या, असं माझ्या नवऱ्यानं सुचवून पाहिलं, तर दादांना ते पटेना. "उनाची लाईट कुनाची न्हाई, सायब. रातच्याला तिच्याकडं बघून कुनाची याद काढायची?"

या पेटीवर एक बल्ब, एक मोबाईल आणि एक बारका रेडिओ चालायचा. एकदा मात्र दादांनी हौसेनं बायकोसाठी कुणाकडून तरी मिक्सर मागून आणला. मिरच्या घातल्या, बटण दाबलं, पेटी दोनदा चिरकली आणि गप्प झाली. वहिनींनी दगडावर खरडा वाटला आणि पेटीकडे बोट करून म्हणाल्या, "तुमच्या लेकीला तिखाट सोसत न्हाई."

एका वर्षी परतीच्या वाटेवर पेटी आमच्याकडे भरून दादा पुढं गेले आणि दोन दिवसांनी वळवाचं वादळ आलं. खांब पडले, झाडं आडवी झाली, अख्ख्या गावाची वीज गेली. सासूबाईंना दमा. हवेत ओल आणि धूळ, त्यांची धाप वाढत चाललेली. औषधाच्या वाफेचं मशीन समोर होतं, पण विजेशिवाय त्याचा काय उपयोग? वीज जाऊन दोन दिवस झाले होते, इन्व्हर्टर आदल्या दिवशीच संपला होता. नवरा पुण्यात अडकलेला. दवाखान्यात न्यावं, तर झाडं पडलेल्या रस्त्यानं रिक्षा येईना. सासूबाई दोन्ही हात पलंगावर टेकून वाकून बसल्या होत्या, त्यांना एक शब्द बोलवेना. मोबाईलमध्ये थोडी धुगधुगी होती. मी दादांना फोन लावला. सगळं ऐकूनही न घेता ते म्हणाले, "आलो."

दुपारी आले. स्वतः चिंब भिजलेले, पेटी मात्र घोंगड्यात गुंडाळून छातीशी धरलेली, कोरडी ठणठणीत. मशीन घरघरलं. सासूबाईंनी तोंडाला मास्क लावला. आम्ही दोघं त्यांच्या खांद्यांकडे बघत होतो. ते हळूहळू खाली आले, श्वास लांब झाला. मास्क काढून त्या पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "अरे, तुझ्या रानात आता अंधार झाला की."

"तुमचीच हाय ती, आक्का. तुमच्याच प्लगातनं भरल्याली. माज्याकडं चार दिस ऱ्हायला आलीती." आणि पेटी तिथंच ठेवून ते ओल्या अंगानं परत निघून गेले.

वीज आली, सासूबाई हिंडू-फिरू लागल्या आणि एके दिवशी हट्टाला पेटल्या, की पेटी भरून आपण स्वतः पोचवायची. भरताना त्या तिच्याजवळ बसून होत्या. काय बोलत होत्या ते मला ऐकू आलं नाही. सांजेला आम्ही रिक्षानं दादांच्या मुक्कामावर गेलो. वहिनी चुलीपुढून न उठताच म्हणाल्या, "बरं झालं आनलीसा. बल्ब नव्हता तर लांडगा फिरून गेला. ह्ये रोज जाळ घालून बसत्यात, पापनीला पापनी न्हाई." दादांनी यातलं अवाक्षरही आम्हाला सांगितलं नव्हतं. आत्ताही ते बाभळीच्या फांदीला बल्ब अडकवण्यात गुंग होते.

बल्ब लागला. जाळीच्या कुंपणात बसलेली मेंढरं एकदम उजळली, पांढरी-काळी, ढगांसारखी. पलीकडे माळ आणि माळाच्या पलीकडे काहीच नाही. सासूबाई बघतच राहिल्या.

"आपल्या घरात एवढा उजेड पडत नाही गं," त्या मला म्हणाल्या.

"उजेड त्येवढाच हाय, आक्का," दादा म्हणाले. "हितं अंधार मोटा हाय."

रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. निघायचं का, म्हणून मी विचारलं. सासूबाईंनी माझा हात धरून मला खाली घोंगड्यावर बसवलं. "थांब जरा," त्या म्हणाल्या, आणि बल्बकडे तोंड करून स्वतःही माझ्या शेजारी टेकल्या.