तांडेलाची हातभर होडी

ती घटना आजही आठवते, पण आधी तिचा वास आठवतो. सुकत्या बोंबलांचा वास, आणि त्यात मिसळलेला वितळलेल्या नायलॉनचा. वर्सोव्याची खाडी त्या दुपारी इतकी निवांत होती की मढला जाणारी फेरीबोट पाण्यावर डुलकी घेतेय असं वाटावं. आम्ही मात्र जळक्या शेडसमोर उभे राहून पंचनामा लिहीत होतो.

शेड म्हणजे चार खांब आणि वर पत्रा. त्यात कोळीवाड्यातल्या दोघा भावांपैकी थोरल्याचं नवं जाळं होतं. बंब येईपर्यंत त्याचा काळा गोळा झाला. ऐन हंगामात जाळं जाणं म्हणजे बोट किनाऱ्याला बांधून ठेवणं. आम्ही आधी 'अकस्मात जळीत' अशी नोंद केली, तर थोरला ठाण्यात येऊन ठाणे अंमलदाराच्या टेबलावर हात आपटू लागला.

"अकस्मात कसली, साहेब? धाकट्यानं लावलीय. लिवा त्याचं नाव!"

मासळी सुकवायच्या जागेवरून दोघा सख्ख्या भावांत वर्षभर बोलणं नव्हतं. साऱ्या कोळीवाड्याला ते ठाऊक होतं.

खबर संध्याकाळी आली. शेडच्या बाजूला सुकत घातलेले बोंबील परतणारी एक बाई होती. तिच्या नजरेतून मांजरसुद्धा सुटत नसे. ती म्हणाली, "आग विझल्यावर धाकटा रेतीची बादली घेऊन गेला, साहेब. कायतरी लपवलंय त्यात."

बादली धाकट्याच्या मोरीमागे सापडली. पंचांसमोर रेती उपसली. आत चंदेरी पापुद्र्यांची एक जळकी वडी आणि तिच्यातून निघालेल्या दोन वायरी, एक लाल, एक काळी. माझा हवालदार चार पावलं मागे सरला. "साहेब, बॉम्ब!" मीही सरलो, खोटं कशाला बोलू? बॉम्बशोधक पथक आलं, त्यांनी पाहिलं, 'कसलीतरी बॅटरी आहे' म्हणाले आणि चहा पिऊन गेले. साप साप म्हणून आम्ही भुई धोपटली होती. तरी बॅटरीनं आग लावता येतेच. वस्तू सील केली आणि धाकट्याला दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशीला बसवलं.

"बॅटरी कोणाची?"

"माझी."

"शेडात कशी गेली?"

त्यानं मान खिडकीकडे वळवली.

"भावावर राग होता?"

"होता."

"मग लावलीस आग?"

"तुम्हाला काय लिवायचंय ते लिवा. मी सही करतो."

माझा अनुभव असा की गुन्हेगार आधी सबबी सांगतो आणि निर्दोष माणूस आधी ओरडतो. हा दोन्हींत बसेना. जाणूनबुजून आग लावल्याचा गुन्हा दाखल झाला तर काही वर्षं आत जातील हे मी त्याला दोनदा समजावलं. त्यानं खिडकीबाहेर बघत विचारलं, "साहेब, भरती लागली का? बाबा धक्क्यावर गेले असतील." मला संताप आला. इथे याच्या गळ्याशी आलंय आणि याला भरतीची पडलीय! पण तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना.

मुद्देमाल हलवता येत नव्हता, म्हणून त्याचा फोटो घेऊन अंधेरीच्या एका दुकानात गेलो. तिथे रिमोटवर चालणारी विमानं आणि बोटी मिळतात. दुकानदारानं फोटो पाहताच ओळखलं.

"ही लायपो, साहेब. लिथियम पॉलिमर. मॉडेल बोटीत घालतात. हिच्यात खारं पाणी गेलं की वाट लागली. वरून सुकलेली दिसते, आतून सडत असते. तासाभरानं पेटेल नाहीतर उद्या, काही भरवसा नाही. भिजली तर घरापासून लांब मोकळ्यावर, रेतीत ठेवायची. जवळ जळणारं काही नको. आणि परत वापरायची नाही म्हणजे नाही."

"अशी कोणी नेली होती?"

"एका कोळी दादानं. वडलांसाठी हवी म्हणाला."

मी तसाच धक्क्यावर गेलो. भरती लागत होती. पाणी आवाज न करता पायरी पायरी वर चढत होतं, पलीकडचा मढचा किनारा उन्हात विरघळल्यासारखा दिसत होता, आणि मला क्षणभर आपण कशाला आलोय तेच आठवेना. दोघा भावांचा म्हातारा बाप कडेला बसला होता. उभा जन्म त्यानं तांडेल म्हणून मोठी बोट हाकलेली. मग लकव्यानं डावा पाय गेला आणि दर्या सुटला. आता मांडीवर हातभर लांबीची होडी होती, सागवानाच्या तुकड्यांतून त्यानं स्वतः घडवलेली, त्याच्या जुन्या बोटीच्याच रंगांची. मी शेजारी बसलो.

"आज सोडली नाही होडी?"

"बॅटरी नाय. परवा लाटेनं उलटली, पाणी शिरलं. धाकटा दुसरी आणील."

"जुनीचं काय केलंत?"

"सुकत घातली. खाऱ्या पाण्यानं भिजलं की आपण वाऱ्यावरच घालतो नं? दोर, जाली, बोंबील. तशी तीपण ठेवली, शेडात जाल्यावर."

मी नजर होडीकडे वळवली. पण आयुष्यभर आभाळाचे रंग वाचलेल्या माणसाला माझं तोंड वाचायला किती वेळ लागणार? त्यानं होडी हळूच खाली ठेवली.

"आग तिथंच लागली," तो म्हणाला. मग म्हणाला, "मना ठाण्यात घेऊन चला."

त्याचा जबाब मी स्वतः लिहिला. थोरल्याला बोलावून घेतलं होतं. म्हातारा त्याला एवढंच म्हणाला, "तुझं जालं मी जाळलं रे." थोरला भिंतीला टेकून खाली बसला. नोंद पुन्हा 'अकस्मात जळीत' झाली आणि धाकटा सुटला. सुटताना तो माझ्यावरच खेकसला.

"त्यांना कशाला कळू दिलंत? दुकानदारानं मला बजावलेलं, बॅटरी भिजली तर सुकवू नका. मीच बाबांना बोललो नाय. आता ते होडीला हात लावायचे नायत."

खरंच लावला नाही. होडी घरात फळीवर गेली. मी निर्दोष माणूस सोडवला होता, आणि तरी मला रात्री जेवण गेलं नाही.

नोकरीभर मी चौकशीची सुरुवात एकाच प्रश्नानं करायचो: कोणाचं कोणाशी वाकडं आहे? त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारू लागलो: या घरात कोण कोणाला जपतंय? पुढे दोन प्रकरणांत तोच कामाला आला.

महिनाभरानं गस्तीवर असताना त्यांच्या अंगणात डोकावलो. सकाळचं कोवळं ऊन होतं. मोकळ्यावर मांडलेल्या फरशीवर नवी बॅटरी चार्जिंगला लावलेली, शेजारी रेतीची बादली, आणि एका बाजूला धाकटा तर दुसऱ्या बाजूला थोरला. बॅटरी थोरल्यानंच अंधेरीहून आणलेली. वडलांच्या हातात रिमोटही त्यानंच दिला होता. दोघं बर्फाच्या भावावरून भांडत होते, पण एकमेकांशी बोलत होते.

मी म्हटलं, "काय रे, एका बॅटरीला दोन दोन माणसं?"

थोरला लाजला. "हिला लावून उठायचं नाय, साहेब. दुकानदारानं सांगितलंय."

"अरे, पण त्याला एक जण पुरे की."

"तेच मी याला सांगतोय," धाकटा म्हणाला. "उठतच नाय."