दीड हात फीत

आई गेली त्याला तीन वर्षं झाली होती, आणि तिचा आवाज एकाच ठिकाणी उरला होता: एका व्हिडिओ कॅसेटमध्ये. कारखान्याच्या गेटवर ऊसतोड बायकांच्या सभेत ती एकदाच बोलली. ते लग्नाच्या शूटिंगवाल्यानं टिपून दिलं होतं. आमच्या पत्र्याच्या पेटीत वडिलांनी, अण्णांनी, लिहिलेली शेकडो पत्रकं आहेत. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. समतेची, हक्काची पत्रकं. त्यांत आईचं एक वाक्य नाही, आणि हे मला दिसायला तिला मरावं लागलं.

भिंगारच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे अजून चालू व्हीसीआर होता. अण्णा आणि मी कॅसेट घेऊन त्याच्याकडे गेलो. त्यानं कॅसेटचे पाच स्क्रू काढले, झाकण उचललं आणि थांबला.

"कुणी जोडली ही?"

"तुटली हुती. मीच चिकटपट्टी लावली," अण्णा म्हणाले.

"पाहुणं, ही फीत हाय, भिंत न्हाई."

भिंतीवरचं पत्रक फाटलं की पुन्हा चिकटवायचं, अण्णांनी जन्मभर तेच केलं होतं. पट्टीचा गोंद पाझरून शेजारच्या वेढ्यांत उतरला होता. मेकॅनिक तासभर स्पिरिटचा बोळा फिरवत राहिला. शेवटी त्यानं कात्री घेतली.

"किती जाईल?" मी विचारलं.

"दीड हात. तीस सेकंद धरा. न्हाई कापलं तर मशीनमधी गुंडाळून सगळीच जाईल."

मी हो म्हणाले. त्यानं टोकं जुळवली, रिळं नव्या डबीत बसवली आणि कॉम्प्युटरवर उतरवायला लावली.

पडद्यावरच्या मुंग्यांतून आई आली. ट्रॉलीवर उभी, हातात कागद नाही. "नवरा-बायकू मिळून मजुरीला तुमी एकच कोयता मोजता. मंग त्यात मी कुठं हाय? सांगते..."

चित्र थरथरलं. टाळ्या. ती खाली उतरत होती.

"पुढं काय म्हणाली?" मी अण्णांना विचारलं. त्यांना स्वतःची पत्रकं आजही तोंडपाठ आहेत. "तुम्ही तिथंच होता ना?"

"मी मागं पत्रकं वाटीत हुतो."

कापलेला तुकडा त्यांनी कचऱ्यातून उचलला. एसटीत ते नखानं गोंद खरवडत बसले. गोंद निघेना, फितीचा तपकिरी थर मात्र नखाखाली जमत होता. मी त्यांचा हात धरला. पाथर्डी येईपर्यंत सोडला नाही.