घरात तीन, बाहेर दोन

"माणसाच्या तोंडाकडे बघू नकोस, त्याच्या जुन्या सुरीकडे बघ," असं आत्या मला एकदा म्हणाली होती.

एकदाच. त्यानंतरच्या बावीस वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून पुन्हा आलं नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. सुऱ्या-चाकूंचं दुकान आजोबांचं. वडिलांना ओल्या लोखंडाचा वास सहन व्हायचा नाही, म्हणून ते तिच्याकडे आलं. अरुंद, खोल जागा. समोर काच, मग लांब लाकडी काउंटर, त्याच्यामागे पाण्यात अर्धं बुडून फिरणारं दगडी चाक. भिंतीवर पाती ओळीने लावलेली, टोकं खाली. दुपारी उन्हाची एक तिरीप आत यायची आणि एकेका पात्यावरून चालत शेवटच्यापर्यंत जायची. मग दुकान एकदम राखी व्हायचं. शेजारी माझं झेरॉक्सचं दुकान, मधल्या भिंतीत दार. गिऱ्हाईक नसलं की मी तिच्याकडे जाऊन स्टुलावर बसायचो. चहा दोघांचा एकत्र यायचा. चहाबरोबर ती पेरू किंवा सफरचंद खायची.

तिच्याकडे सुरी विकत घेणं सोपं नव्हतं. "जुनी आणलीय का?" हा पहिला प्रश्न. नसेल आणली तर, "घरी जा, घेऊन या. मी कुठे पळून चाललेय?"

एकदा एक गृहस्थ लाकडी ठोकळ्यात खोचलेला बारा सुऱ्यांचा संच मागायला आले. लग्नाच्या वाढदिवसाची भेट द्यायची होती. आत्याने त्यांच्या जुन्या सुरीवरून अंगठा आडवा फिरवला, हलका, झोपलेल्या मुलाच्या कपाळावरून फिरवावा तसा.

"स्वयंपाक तुम्ही करत नाही."

"नाही, पण..."

"करणारी बाई उंच आहे आणि ओटा बुटका आहे. सगळी झीज टोकाकडे, मुठीकडचं पातं अजून कोरं. वाकून वाकून तिची कंबर धरत असणार. आणि हे टोक मोडलंय डब्यांची झाकणं उचकटून. ते कोण करतं?"

गृहस्थ ओशाळले. "ते मीच."

"मग बारा सुऱ्या कशाला? ओटा उंच करून द्या. आणि स्वतःसाठी एक जाड चमचा घ्या, झाकणांना."

ते गेले, आणि चार दिवसांनी बायकोला घेऊन आले. बाई खरोखरच उंच होत्या. आत येताना दाराच्या चौकटीखाली त्यांनी सवयीने मान वाकवली, आणि माझ्या अंगावर काटा आला. लोखंडाच्या वीतभर पट्टीत एक अख्खं माणूस उतरतं, त्याची उंची, त्याचा आळस, त्याची घाई. आणि ते वाचणारी बाई माझ्या शेजारी बसून चहात बिस्कीट बुडवते, हे मला कधीच पुरतं पचलं नाही.

तिचा हिशोब ठरलेला होता. घरात तीन, बाहेर दोन. घरात एक मोठी, वीतभर पात्याची, चिरायला. एक करंगळीएवढी, सोलायला. एक लांब दातेरी, पावाला. रानावनात जाणाऱ्यासाठी जाड पाठीचा म्यानातला एक चाकू, ज्याचं पातं मुठीच्या पार शेवटापर्यंत गेलेलं असतं. आणि खिशात एक घडीचा. सहावी मागणाऱ्याला ती विचारायची, "हात किती आहेत तुम्हाला?"

बावीस वर्षांपूर्वी एक मोजणीदार आला. डोंगरातल्या जमिनी मोजायचं काम, महिनोन् महिने तंबूत राहायचं. त्याने आपला जुना घडीचा चाकू काउंटरवर ठेवला. आत्याने तो वाचला: उजवा हात, दमदार मूठ, अंगठा पुढे दाबायची सवय. त्याला तिने दुकानातला सर्वांत चांगला घडीचा चाकू दिला. उघडल्यावर पातं खटक्याने पक्कं बसायचं, आणि तो खटका उजव्या हाताच्या अंगठ्याखाली यायचा. त्याच दिवशी, तो गेल्यावर, ते वाक्य ती मला म्हणाली. खुशीत होती.

जुना चाकू त्याच्या मोठ्या भावाचा होता. तो स्वतः डावखुरा होता.

डाव्या मुठीत तोच खटका अंगठ्याऐवजी बोटांच्या पेरांखाली येतो. मूठ जोरात आवळली की सुटतो. पावसात भिजलेला दोर कापताना त्याने मूठ आवळली, आणि पातं त्याच्याच बोटांवर मिटलं.

चार महिन्यांनी तो आला. डाव्या हाताची दोन बोटं सरळ, काडीसारखी. भांडला नाही. चाकू काउंटरवर ठेवला, म्हणाला, "हा तुमच्याकडेच राहू द्या," आणि गेला. आत्या त्या दिवशी चाकापाशी बसली, पण चाक फिरवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात दोन गोष्टी बदलल्या. आलेल्या प्रत्येकाला ती आपल्यासमोर कापायला लावू लागली: गाजर, पाव, दोराचा तुकडा. लोक हसायचे, "परीक्षा आहे का?" ती म्हणायची, "हो. माझी." आणि घडीचे चाकू तिने दुकानातून काढून टाकले. घरात तीन, बाहेर एक. पाचवा मागितला की, "नाही ठेवत." का, ते सांगायची नाही. कोणी फार डोकं खाल्लं तर समोरच्या रस्त्यावरच्या मोठ्या दुकानाचा पत्ता द्यायची.

मला दिसलेली तिसरी गोष्ट इतकी किरकोळ होती की मी तिला म्हातारपणाची लहर समजलो. चहाबरोबरचं फळ ती डाव्या हाताने कापू लागली. आधी फोडी वाकड्यातिकड्या यायच्या, बोटांना चिकटपट्ट्या असायच्या. पुढे फोडी सरळ झाल्या. मी विचारणं सोडून दिलं.

यंदा थंडी सरता सरता एक मुलगी आली. चोविसेक वर्षांची, पाठीवर पिशवी, बूट नवे. बाहेर माझ्या दुकानासमोरच्या बाकावर एक गृहस्थ बराच वेळ पेपर वाचत बसले होते. पान उलटताना ते पेपर मांडीवर ठेवत होते, एवढंच माझ्या लक्षात राहिलं.

"आजी, मला सुऱ्यांचा संच हवाय."

"आजी कोणाची? जुनी आणलीस?"

मुलीने हसत कापडात गुंडाळलेली स्वयंपाकघरातली सुरी काढली. "जंगलात नोकरी लागलीय. झाडांची गणती. चौकीवर वर्षभर एकटीने राहायचं, हाताने करून खायचं."

आत्याचा अंगठा पात्यावरून निघाला आणि मध्येच थांबला. तिने पातं उजेडाकडे धरलं. मग पुन्हा अंगठा. मग डोळे मिटून.

"ही आधी डाव्या हाताने वापरलीय," ती हळू म्हणाली. "वर्षानुवर्षं. मग एकाएकी उजव्या. इथे बघ, नवशिक्याचे खड्डे. मोठा माणूस, पण हात नवशिक्याचा." तिने सुरी खाली ठेवली. "बाबा काय करतात तुझे?"

"नकाशे काढतात. आधी मोजणीवर होते."

आत्याने सुरी तिच्याकडे परत सरकवली.

"दुसरीकडे जा तू," आत्या म्हणाली. "समोरच्या रस्त्यावर मोठं दुकान आहे. चांगला माल असतो."

मुलगी स्टुलावर बसली. माझ्याच स्टुलावर, मी उठून उभा राहिलो होतो. "बाबा म्हणाले होते, त्या नाही म्हणतील. नाही म्हणाल्या तर बसून राहा."

"हट्टी दिसतात तुझे बाबा."

"आई तर आणखी वाईट शब्द वापरते."

आत्या हसली नाही. पण तिने गाजर काढलं, पाटी पुढे सरकवली आणि म्हणाली, "काप."

मुलीने सुरी डाव्या हातात घेतली.

पुढचे दोन तास मी माझ्या दुकानात गेलो नाही. दोन गिऱ्हाइकं कागद हातात घेऊन दारात उभी राहिली आणि तीही तशीच बघत राहिली. आत्या एक सुरी द्यायची, मुलगी कापायची, आत्या डोळे मिटून आवाज ऐकायची. पाच मोठ्या सुऱ्या नाकारल्या, सहावीला तिने मान हलवली, आणि ज्याच्या कानाला यातलं काही कळत नाही अशा मलासुद्धा त्या वेळी गाजर वेगळं वाजल्यासारखं वाटलं. सोलायची लहान लगेच मिळाली. दातेरीपाशी अडलं. पाव तिरका कापला जात होता, खाली जाताना काप जाड होत होता.

"माझा नेहमीच असा होतो," मुलगी म्हणाली. "आई म्हणते, लक्ष नसतं तुझं."

"आईला सांग, लक्ष सुरीचं नव्हतं. हिचे दाते एकाच बाजूने घासलेले असतात, उजव्या हातासाठी. तुझ्या हातात ती आत वळते." आत्याने एक लांब, पातळ, बिनदातेरी पातं उतरवलं, धार लावायच्या दगडावर दोन्ही बाजूंनी मोजून तेवढेच हात फिरवले आणि तिला दिलं. पावाचा काप सरळ, अख्खा, कागदासारखा बाजूला झाला. मुलगी त्याच्याकडे बघतच राहिली. चोवीस वर्षं ती स्वतःला वेंधळी समजत आली होती.

मग म्यानातला चाकू. आत्याने दोर पाण्यात बुडवला, पिळला नाही, तसाच तिच्या हातात दिला. "आवळ. आणखी. पाऊस आहे, अंधार पडतोय, बोटं गारठलीत. आता काप." मुलीची बोटं पांढरी पडली. आत्या दोराकडे बघत नव्हती, बोटांकडे बघत होती. तीन चाकू झाले. चौथा तिने निवडला, म्यानाची पट्टी उसवली आणि डाव्या कमरेला येईल अशी स्वतः टाके घालून शिवली.

"झालं. घरात तीन, बाहेर एक."

"आणि घडीचा?"

"नाही ठेवत."

"मला लागेल पण. झाडावर चढल्यावर एका हाताने फांदी धरलेली असते, दुसऱ्या हाताने खुणेची पट्टी कापायची. म्यानातला तिथे अवजड होतो." ती थांबली. "बाबा म्हणाले, पाचवा घेतल्याशिवाय येऊ नकोस."

आत्याने ओले हात ॲप्रनला पुसले. मग तिने चाकाखालचा खण ओढला. तो खण मी आजवर उघडलेला पाहिला नव्हता. आत एक पत्र्याचा डबा, डब्यात सात घडीचे चाकू. पहिला ओळखीचा होता. त्याच्या सांध्यात दोराचा वाळलेला तंतू अजून अडकलेला होता. बाकीचे कोणत्याच कारखान्याचे नव्हते. एकाची मूठ अर्धवट, एकाचं पातं डुगडुगणारं, एकाची कडी तुटलेली. शेवटचा पुरा झालेला होता. खटका नाही. मुठीच्या गळ्याशी एक पितळी कडी. ती अंगठ्याने फिरवली की पातं जागच्या जागी बांधलं जायचं. कडीला डावं-उजवं काही नव्हतं.

आत्याने तो डाव्या हातात घेतला, उघडला, कडी फिरवली, ओला दोर आवळून एका झटक्यात कापला. मूठ इतकी आवळली होती की मनगटाच्या शिरा उभ्या राहिल्या. पातं हललं नाही. आणि तेव्हा मला ती चहाबरोबरची सगळी फळं आठवली, हजारो फोडी, सगळ्या चिकटपट्ट्या. तिच्या डाव्या तळव्यावर बारीक पांढऱ्या रेघांचं जाळं होतं. मी ते रोज पाहत आलो होतो.

मुलीने चाकू हातात घेऊन पाहिला. "मोठा होतोय मला."

"तुझा नाहीच तो. तुझा आठ दिवसांत करून देते. माप घेतलंय मी." तिने मुलीच्या हाताला एकदाही पट्टी लावली नव्हती.

"मग हा कुणाचा?"

आत्याने चाकू तिच्या हातातून परत घेतला.

मुलीने काचेतून बाहेर पाहिलं. "बाबा बाहेरच बसलेत," ती म्हणाली. "सकाळपासून. म्हणाले, मी आत आलो तर त्यांचा हात थरथरेल. आणि तुला थरथरत्या हाताने निवडलेली सुरी नकोय."

बाकावरच्या गृहस्थांनी पेपर मांडीवर ठेवला, उजव्या हाताने पान उलटलं.

इतक्या वर्षांत दुकानात माणूस उभं असताना आत्याने काउंटर सोडलेला मी पाहिला नव्हता. तिने ॲप्रन काढला, खुंटीला अडकवला. चाकू मिटला, ॲप्रनच्या कोरड्या टोकाने पुसला, डाव्या मुठीत धरला. काउंटरची फळी वर केली, माझ्या आणि मुलीच्या मधून गेली, आणि दार ढकलून बाहेर पडली.