ठेकेदाराचं चुंबक

मी रेल्वेतला रिटायर्ड फिटर. ज्या डिझेल इंजिनाखाली अर्धं आयुष्य तेलकट कपड्यांत काढलं, ते भंगारात निघालंय असं कळलं, म्हणून परवा शेडमागच्या रुळांवर गेलो.

भंगाराचा ठेकेदार आधीच हजर होता. पांढरे बूट, गळ्यात जाड साखळी आणि हातात दोरीला बांधलेलं चुंबक. उघड्या पडलेल्या एकेका भागाला तो ते लावून बघत होता. चिकटलं की तोंड वाकडं करायचा, कारण ते नुसतंच लोखंड. नाही चिकटलं की "तांबं!" म्हणून खुलायचा.

दर खंडेनवमीला आम्ही या इंजिनाला झेंडूचे हार घालायचो, नारळ फोडायचो. एरवीही चुकून पाय लागला तर पटकन हात लावून नमस्कार करायचो. आणि हा गडी त्याच्या छातीवर बूट रोवून उभा!

अशी माणसं मला हल्ली पावलोपावली भेटतात. देवळात गेली तर कळसाचं वजन मनातल्या मनात करतील. म्हाताऱ्या आत्याच्या पाया पडताना यांची नजर तिच्या पाटल्यांवर.

"तुम्ही कोण काका?" त्यानं वरूनच विचारलं.

"या इंजिनाचा फिटर होतो," मी म्हणालो.

माझ्यासाठी त्याला चुंबकही लागलं नाही. डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहिलं आणि इंजिनाच्या लोखंडाला करत होता तसंच तोंड वाकडं केलं.

इतकी वर्षं नोकरी केली, पण एवढा मोठा मान मला कोणी दिला नव्हता.