मुरुम मुक्कामी एकत्रीकरण

पुण्याहून निघताना बायको म्हणाली, "महायुद्धानंतर अमेरिकेनं युरोप कसा एकत्र आणला, हे मुरुमला कोण ऐकणार?" मला राग आला. राज्यशास्त्र शिकवण्यात हयात गेली माझी! सोलापूरहून एसटीने येणेगूर गाठलं, तिथून वडापने (खचाखच भरलेली जीप) मुरुम. मांडीवर कुणाची तरी कोंबडी होती.

व्याख्यान ठेवलेल्या वाचनालयापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. मी हरखलो. मग फळा वाचला: 'एकत्रीकरणावर व्याख्यान'. युरोप गाळला होता! जमिनीचे तुकडे जोडून गट पाडायच्या सरकारी योजनेलाही एकत्रीकरणच म्हणतात. सगळा गाव बांधाची भांडणं घेऊन आला होता.

पुढं सोजरबाई नावाच्या म्हातारबाई बसल्या होत्या, दोन बाजूंना दोन लेक. "सर, आमची हिर (विहीर) एकच. एकानं मोटार लावली की दुसरा बंद करतो. दोघांचाबी ऊस वाळाय लागलाय. सांगा कायतरी."

काय सांगणार, कपाळ! मी रेटून युरोपच सांगितला. लढून भिकेला लागलेले देश. अमेरिका म्हणाली, मदत देते, पण वेगवेगळे येऊ नका. आधी एकत्र बसा, मग मागा.

"लई शहाणी बाई!" सोजरबाई म्हणाल्या.

"बाई न्हवं, देश आहे तो," मीही त्यांच्या बोलीवर घसरलो.

"असंल. तिला काय मिळालं?"

"तिचा माल खपला."

सोजरबाई उठल्या आणि लेकांना म्हणाल्या, "आजपासनं मोटारीच्या पेटीला माझं कुलूप. दोघं मिळून मागा, मग चावी."

रात्री मुक्कामाला मला कडक भाकरी आणि शेंगाचटणी मिळाली. दात तेवढे वाचले.

सकाळी स्टँडवर दोघे भाऊ एकाच मोटारसायकलवरून आले. मला वाटलं, हार आणला असेल.

"मायला काय शिकिवलं हो तुमी?" थोरला ओरडला.

"पाव्हणं येतंय अन् आग लावून जातंय!" धाकटा म्हणाला.

"मिळून मागितली का चावी?"

"आमी न्हाय मागणार!" दोघं एकदम बोलले आणि एकमेकांकडं बघत राहिले.

"चल दादा," धाकटा हळूच म्हणाला. "ह्याच्या नादात ऊस जाईल."

घरी पोचल्यावर वाचनालयातून फोन आला. दोन्ही उसांना पाणी मिळालं होतं, आणि त्या सराला पुन्हा बोलवू नका, असा दोघा भावांचा एकमुखी निरोप होता. युरोप एकत्र यायला रशियाची भीतीही लागली होती, हे व्याख्यानात सांगायचं राहूनच गेलं. मुरुमात रशियाचं ते काम मी केलं, आणि खरं सांगतो, मला लई आनंद झाला.